कंटेसाच्या स्पॉयलरमध्ये तिसरा ब्रेक लाईट: पार्किंग लावलं की एलईडी आपोआप मिणमिणतोय

शहापूरची_कंटेसा

नमस्कार मंडळी. गाडी कंटेसा क्लासिक, १.८ जीएलएक्स, इसुझूचं पेट्रोल इंजिन, १९९४ ची, केए-२२, म्हणजे बेळगावची. बाबांनी शोरूममधून नवीन घेतलेली. डिकीवर फायबरचा स्पॉयलर आहे, तो कंपनीचा नव्हे, बाबांनीच हौसेनं त्या काळी बसवून घेतलेला. त्या स्पॉयलरमध्ये एलईडीचा तिसरा ब्रेक लाईट बसवायचा म्हणतोय.

का, ते सांगतो. बहीण कोल्हापूरला दिलेली, त्यामुळं हायवेवर येणं-जाणं असतं. ऊस सुरू झाला की संकेश्वर ते निपाणी रात्रीचं गाडी मारणं म्हणजे काय असतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं एक लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर होता तो चिखलानं माखलेला, वर ऊस दोन्ही बाजूंनी लोंबतोय. आपण कचकन ब्रेक मारायचा आणि पुढं बघायचं सोडून आरशात बघायचं, मागचा थांबतोय की नाही. कंटेसा बसकी गाडी. तिचे मागचे दिवे इतके खाली की ट्रक चिकटून आला तर त्या ड्रायव्हरला ते दिसतच नसणार. गेल्या सीझनला वंटमुरी घाट उतरताना एका टेम्पोनं बंपर अगदी हुंगला, तेव्हाच ठरवलं.

एलईडीचा सीलबंद लॅम्प आणलाय, दीड फूट लांब, लाल काचेचा. अजून स्पॉयलर कापलेला नाही. डिकी उघडून नुसतं तात्पुरतं जोडून बघितलं: प्लस ब्रेकच्या वायरीला, मायनस डिकीतल्या एका बोल्टला. ब्रेक दाबला की झकास पेटतो. पण पार्किंग लाईट लावली की ब्रेकला पाय न लावता हा मंद मिणमिणत राहतो. पार्किंग बंद, हाही बंद. जिथून लॅम्प घेतला तो दुकानदार म्हणाला, एलईडी म्हटलं की असं होतंच, रेझिस्टन्स टाका. मला ते पटलं नाही.

तर हे का होतंय? आणि दुसरं, फायबर कापताना काय सांभाळायचं? स्पॉयलर आता मिळणारा नाही. तिसरं म्हणजे बाबा. त्यांचं म्हणणं एकच: "ह्या गाडीला माझ्या हयातीत भोक पडणार नाही." त्यावर कुणाकडं उपाय असेल तर तोही सांगा.

गोवावेस_रायडर

एवढं काय डोकं लावायलाय ओ. लुकलुकणारा स्ट्रोबवाला घ्या, ब्रेक दाबला की फटफटफट. मागचा झोपला असला तरी उठतो. दुतर्फी टेपनं काचेला आतनं चिकटवा, काम खल्लास.

मेस्त्री_उद्यमबाग

रायडर, स्ट्रोब तुमच्या बाईकलाच ठेवा.

शहापूरकर, तुमचा दिवा बरोबर हाय. रेझिस्टन्स-बिझिस्टन्स काय टाकू नका. डिकीतलं अर्थ, म्हणजे करंट बॉडीतनं बॅटरीच्या मायनसला परत जायचा रस्ता, गेलंय.

कसं होतंय बघा. मागच्या लॅम्पात पार्किंगचं ५ वॅटचं फिलामेंट आणि ब्रेकचं २१ वॅटचं. एका बल्बात दोन असू देत, न्हाईतर शेजारी-शेजारी दोन बल्ब, दोघांना खाली उतरायचा रस्ता एकच. होल्डरचा पत्रा, तिथनं वायर, तिथनं डिकीतला स्क्रू, तिथनं बॉडी. त्या स्क्रूखाली तीस वर्षांचा गंज, वर कुठल्या तरी पेंटरनं मारलेला रंग. पार्किंग लावली की करंट ५ वॅटच्या फिलामेंटमधनं खाली येतो, खाली रस्ता बंद, मग तो २१ वॅटच्या फिलामेंटमधनं उलटा वर चढतो आणि ब्रेकच्या वायरीत शिरतो. गटार तुंबलं की न्हाणीतनं पाणी वर येतं की न्हाई, तसलाच प्रकार. आजवर त्या वायरीवर दुसरं कायच नव्हतं, म्हणून कुणाला कळलं न्हाई. आता तिथं तुमचा एलईडी बसलाय, वेगळ्या बोल्टला चांगला अर्थ घेऊन. त्याला चिमूटभर करंट पुरतो. लागला मिणमिणायला.

एकाच बाजूचं अर्थ गेलं असतं तर हे दिसलंच नसतं. दुसऱ्या बाजूच्या २१ वॅटच्या फिलामेंटनं तो करंट सरळ अर्थला सोडला असता. म्हणजे दोन्ही लॅम्प मिळून जो एक पॉइंट हाय तोच खराब.

खात्री करायची तर अंधार पडल्यावर पार्किंग चालू ठेवा, घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबायला बसवा आणि मागं जाऊन उभं रहा. तुमचा नवा दिवा लखलखीत पेटेल, आणि खालचे दोन? ते उजळायच्या ऐवजी मंद होतील, न्हाईतर विझतीलच. कारण दोन्ही फिलामेंटला वरनं १२ वोल्ट, खाली जायला वाट न्हाई, मग करंट वाहील कुठनं? असं दिसलं तर समजा आजवर रात्रीचा तुम्ही ब्रेक मारत होता तेव्हा मागच्याला काय कळत न्हवतं. टेम्पोवाल्याला शिव्या घातल्या असतील तर निम्म्या परत घ्या.

मग होल्डरच्या पत्र्यावरनं एक वायर काढून थेट चांगल्या बोल्टला टेकवा. एलईडी पटकन विझला की निदान पक्कं. तो स्क्रू काढायचा, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासायचा, वायरीला नवा लग, म्हणजे टोकाची धातूची कडी, मारायचा, दातवाला वॉशर घालून कसायचं आणि वर ग्रीस. रंग नंतर, आधी न्हाई. मल्टिमीटर असेल तर एक टोक होल्डरच्या पत्र्याला, दुसरं बॅटरीच्या मायनसला धरा, पार्किंग आणि ब्रेक दोन्ही चालू. काट्याला ०.२ वोल्टच्या आत दिसलं तर उत्तम. एक-दोन वोल्ट दिसला तर अजून कुठं तरी घाण हाय.

आता वायरिंग. ब्रेकची वायर डिकीतच, लॅम्पच्या जरा आधी पकडा. पुढं स्विचपर्यंत जायची गरज न्हाई. लोडाचं टेन्शन घेऊ नका. दोन बल्ब मिळून ४२ वॅट, म्हणजे साडेतीन अँपिअर. तुमचा एलईडी तीन-चार वॅटचा, त्यात पाव-एक अँपिअरची भर. जुना स्विच, मग तो पेडलपाशी असो न्हाईतर मास्टर सिलिंडरवर, एवढं सहज सोसतो. तिसरा दिवा २१ वॅटच्या बल्बचा घातला असता तर मात्र मी रिले लावा म्हटलं असतं.

फायबरला अर्थ नसतो हे ध्यानात ठेवा. दिव्याची मायनस वायर वेगळी खाली आणायची. बिजागरीपाशी वायर सैल ठेवा, बारीक तारांची घ्या, कडक घेऊ नका. कोरुगेटेड पाईपमधनं न्या आणि पत्र्यातनं जाते तिथं रबरी बुश घाला. डिकी चार-पाच वेळा उघडझाप करून बघा कुठं चिमटते का. आणि जॉइंटवर ते दाबून बसवायचं निळं प्लास्टिक घालू नका. आतली पट्टी तारा कापते, मग पावसाळ्यात हिरवं होतं. सोल्डर आणि वर श्रिंक स्लीव्ह, तापवलं की आवळून बसणारी नळी. नुसती काळी टेप उन्हात चिकट होऊन सुटते, त्यात हात घालायला मलाच बोलावता मग.

टिळकवाडी_पेन्शनर

मेस्त्रींनी सगळंच सांगितलं. मी फक्त हा खटाटोप करावा की नाही एवढ्यापुरतं लिहितो, कारण अशा धाग्यांवर कुणी तरी "पूर्वी कुठं होते असले दिवे" म्हणतंच.

१९७४ साली जॉन व्होएव्होड्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञानं सॅन फ्रान्सिस्कोमधल्या टॅक्स्यांना मागच्या काचेच्या तळाशी तिसरा ब्रेक लाईट लावून बघितला. दिवा लावलेल्या टॅक्स्यांना मागून बसणाऱ्या धडका बिनदिव्याच्या टॅक्स्यांपेक्षा सुमारे ६० टक्के कमी निघाल्या. पुढं १९८६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत प्रत्येक नव्या कारला तो सक्तीचा झाला. त्यावेळी एलिझाबेथ डोल तिथल्या वाहतूक मंत्री होत्या. पण हा ६० चा आकडा बघून हुरळून जाऊ नका. सगळ्यांच्याच गाड्यांना तिसरा दिवा आल्यावर त्याचं नवेपण गेलं, आणि १९९८ च्या तिथल्या सरकारी अहवालात दीर्घकाळचा फायदा ४.३ टक्के ठरला. तरी एवढ्या स्वस्त वस्तूला ४.३ टक्के हा वाईट सौदा नव्हे.

आपल्याकडचा हिशोब मला वेगळा वाटतो. जुन्या कंटेसाच्या मागच्या माणसाला तिथं तिसरा दिवा असेल ही अपेक्षाच नसते, म्हणजे ते नवेपण इथं अजून शिल्लक आहे. शिवाय फिलामेंट तापून पूर्ण उजळायला साधारण ०.२ सेकंद लागतात, एलईडी लगेच पेटतो. ताशी ८० किलोमीटरनं येणारी गाडी तेवढ्यात साडेचार मीटर पुढं येते. हत्तरगी टोलच्या रांगेत साडेचार मीटर म्हणजे काय, ते टेम्पोवाल्यांना विचारा.

स्ट्रोबबद्दल: नको. लुकलुकणारा दिवा दिसला की माणूस इंडिकेटर समजतो किंवा गाडी बंद पडलीय म्हणून बाजू काढायला बघतो. ब्रेकचा अर्थ स्थिर लाल. कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली, उत्पादकानं दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल चालत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं २०१९ च्या जानेवारीत ते आणखी कडक शब्दांत सांगितलं. तुमची १९९४ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आलंच. इन्स्पेक्टर मागं उभा राहून ब्रेक दाबायला लावतो. व्यवस्थित बसलेला स्थिर लाल दिवा आणि डिस्कोसारखा नाचणारा दिवा, दोन्हींकडं तो एकाच नजरेनं बघेल असं मला वाटत नाही. मी तरी दिवा पटकन सोडवता येईल असाच बसवला असता.

ओरिजिनल_कोल्हापूर

माफ करा, पण बाबांचं बरोबर आहे. असल्या गाड्या आता राहिल्यात किती? कंटेसा २००२ ला बंद झाली. प्रत्येकजण एकेक भोक पाडत गेला तर पुढच्यांना बघायला काय उरणार? व्हिंटेज म्हणून नोंद करायची झाली तर मूळ स्थितीत असावी लागते.

टिळकवाडी_पेन्शनर

व्हिंटेजला ५० वर्षं पूर्ण लागतात. कंटेसा बाजारात आली १९८४ ला. म्हणजे सगळ्यात पहिली कंटेसासुद्धा २०३४ च्या आधी त्या रांगेत उभी राहणार नाही, आणि ही तर १९९४ ची. तोवर ती उसाच्या ट्रॉलीखाली न जाणं महत्त्वाचं. शिवाय स्पॉयलर मुळात कंपनीचा नाहीच. ओरिजिनल गाडीवर बसलेल्या डुप्लिकेट वस्तूला भोक पाडायला कसली हरकत?

चिकोडी_फायबर

फायबरचं मी सांगतो, आमचा तोच धंदा आहे. बसचे बंपर, ट्रॅक्टरचे हूड, देवळांचे कळससुद्धा.

पहिली गोष्ट, कापायच्या आधी लॅम्प स्पॉयलरवर नुसता चिकटपट्टीनं लावून मागून बघा. बऱ्याच स्पॉयलरचा मागचा भाग आकाशाकडं कललेला असतो. त्यात सपाट दिवा बसवला की उजेड ढगाला आणि मागच्याला अंधुक. एलईडीचा झोत अरुंद असतो, दहा-पंधरा अंश तिरका झाला तरी फरक पडतो. वीसेक मीटर मागं जा. एकदा स्कूटरवर बसून बघा, एकदा ट्रकच्या केबिनच्या उंचीवरून बघा, ओट्यावर चढलात तरी चालेल. दोन्हीकडून सारखा दिसला तरच खूण करा. तिरका असेल तर खाली पाचर घालून सरळ करावा लागेल.

कापताना वरचा रंगाचा थर टवके उडून जातो, म्हणून मास्किंग टेप रुंद लावायची आणि टेपवरच आखायचं. चारही कोपऱ्यांना आधी गोल भोक पाडायचं. कोपरा चौकोनी सोडला की तिथून तडा सुरू होतो आणि डिकी आपटली की वाढत जातो. मग बारीक दाताचं हॅकसॉ ब्लेड, हातानं, घाई न करता. ग्राइंडर नवशिक्यानं लावू नये. तोंडाला मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. काचेचा भुगा अंगाला लागला की रात्रभर खाजवत बसाल, आणि ते कपडे घरच्यांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका, त्यांनाही तोच प्रसाद.

कापलेली कड उघडी ठेवायची नाही. तिच्यावर रेझिनचा हात फिरवा, नाहीतर काचेच्या धाग्यांमधून पाणी आत ओढलं जातं आणि रंगाला फुगे येतात. स्पॉयलर आतून पोकळ असतो. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात गाडी एकदा चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आली की कुठून तरी पाणी शिरणारच. त्याला अडवत बसू नका, खालच्या बाजूला दोन बारीक भोकं ठेवा, वाहून जाऊ दे.

सिलिकॉन घेताना नळी उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते वायरीजवळ वापरायचं नाही, तांबं खाऊन टाकतं. न्यूट्रल म्हणून मिळतं ते घ्या. आणि लाल काच थिनरनं पुसू नका. ती काच नसते, प्लास्टिक असतं, जाळी पडते.

बाबांसाठी उपाय: वायर खाली उतरवायला डिकीच्या पत्र्याला नवीन भोक लागतच नाही. स्पॉयलर ज्या बोल्टांवर बसलाय त्यातल्या एका बोल्टचं भोक आधीच आहे. त्या जागी पोकळ बोल्ट घाला, त्यातून वायर आत न्या. गाडीला भोक नाही, शब्द पाळला.

शहापूरची_कंटेसा

मेस्त्री, तुम्ही गाडी न बघता सांगितलंत. रात्री गल्लीत पार्किंग लावून पुतण्याला ब्रेक दाबायला बसवला. वरचा एलईडी भक्कन पेटला आणि खालचे दोन्ही लाल दिवे जवळजवळ गेलेच. समोरच्या कट्ट्यावर बसलेल्या मंडळींना पण दिसलं, ते वेगळंच.

अर्थचा स्क्रू डिकीच्या डाव्या कोपऱ्यात मॅटखाली सापडला. वर रंग, रंगाखाली पुट्टी. म्हणजे मधल्या कुठल्या तरी डेंटिंग-पेंटिंगमध्ये कुणीतरी लग तसाच ठेवून वरून पुट्टी ओढलेली. स्क्रूचं डोकं झिजलेलं, शेवटी ड्रिलनंच काढावा लागला. लग बोटानं उचलला तर हिरवी पूड झाली. घासून, नवीन लग लावून कसलं. बॅटरी पुढं असल्यामुळं मल्टिमीटरला लांब वायर जोडावी लागली. आधी मोजलं होतं तेव्हा ७.३ वोल्ट, आता ०.१. मिणमिण गायब.

खालचे दिवे आता इतके उजळ लागतात की बाबा म्हणाले, "आता तिसरा कशाला पायजे?" आली का पंचाईत!

मेस्त्री_उद्यमबाग

बाबांना म्हणावं खालचे उजळ झाले, पण वर न्हाई ना गेले. ट्रकवाल्याच्या बॉनेटखालचं अजून पण त्याला दिसत न्हाई.

आणि ७.३ म्हणजे लईच झालं. तुमच्या मागच्या इंडिकेटरचं अर्थ पण त्याच पॉइंटवर असेल. इंडिकेटर लावल्यावर पार्किंग त्याच्या तालावर नाचत होती का पूर्वी?

शहापूरची_कंटेसा

होय की ओ! कित्येक वर्षं. आम्हाला वाटायचं बॅटरी उतरलीय. दोनदा बॅटरी बदलून झाली.

गोवावेस_रायडर

हाहा. बॅटरीवाल्यानं तुमच्या नावानं देवाला नारळ फोडला असेल.

मेस्त्री, माझ्या पण दिव्याला स्थिर मोड हाय म्हणे, लाल वायर सोडून पांढरी जोडायची. खरं काय?

मेस्त्री_उद्यमबाग

प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा, पुड्यावरचं चित्र बघा. न्हाईतर दुकानात घेऊन या, पण चहा तुमचा.

शहापूरची_कंटेसा

चिकोडीकर, तुमची बोल्टाची युक्ती बाबांना सांगितली. अर्धा तास काही बोलले नाहीत, मग स्वतःच डिकी उघडून स्पॉयलरचे बोल्ट मोजत बसले. आता त्यांची अट अशी की फायबर कापायचं काम घरासमोर, त्यांच्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे, आणि टेप ते स्वतः लावणार. एक विचारायचं राहिलं: पोकळ बोल्ट तयार मिळतो का, की लेथवर काढून घ्यावा लागेल?

चिकोडी_फायबर

तयार शोधत फिरू नका. तुमच्या उद्यमबागेत लेथ काय कमी आहेत? आहे तोच बोल्ट न्या आणि मधून ४ मिलिमीटरचं आरपार भोक मारून घ्या. स्पॉयलरचा बोल्ट आहे, इंजिनाचा नाही, तेवढी ताकद कमी झाली तर चालते. भोकाच्या दोन्ही तोंडांची धार काढायला सांगा, नाहीतर वायर तिथंच सोलली जाईल. आणि पहिला पाऊस पडून गेल्यावर डिकीतलं मॅट उचलून बघा, बोल्टाखाली ओल आली असेल तर न्यूट्रल सिलिकॉनचा एक थेंब आतून.

मेस्त्री_उद्यमबाग

मल्टिकोर वायर ४ मिलिमीटरमधनं दोन जातील, स्लीव्ह घालून जाणार न्हाईत. स्लीव्ह घालायची असेल तर ५ चं मारा.